कण्हेर : तिची लागवड आणि तिचे विष

फुलझाडांची हौस पुष्कळांना असते, परंतु त्या हौशीला पाण्याची साथ मिळतेच असे नाही. गुलाबाची कलमे आणावी, मोगऱ्याची रोपे आणावी, आळी करून खत घालावे आणि चैत्र-वैशाखात विहिरीने तळ दाखविला म्हणजे ती सारी हौस डोळ्यांदेखत करपून जावी, हा अनुभव देशावरच्या कोणत्याही गावी नवा नाही. अशा ठिकाणी बाग करावयाची तर झाडाची निवड करतानाच पाण्याचा हिशेब मांडला पाहिजे. तो मांडून पाहिला असता जी दोन-चार नावे शिल्लक राहतात, त्यांत कण्हेरीचे नाव अगदी वरचे असते. मात्र ही कण्हेर पाणी जितके थोडे मागते, तितकीच सावधगिरी अधिक मागते. कारण तिच्या मुळापासून फुलापर्यंत प्रत्येक भागात विष आहे. तिचा पहिला गुण ऐकून पुष्कळजण ती लावतात आणि दुसऱ्याची चौकशी करीत नाहीत. म्हणून दोन्हींचा विचार एकत्रच करणे इष्ट होय.

पुणे जिल्ह्यातील भोर तालुक्यात असलेले किकवी हे गाव ह्या विषयाला चांगले उदाहरण आहे. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे खेड शिवापूर, नसरापूरचा फाटा आणि कापूरहोळ मागे पडल्यावर किकवी लागते. पुढे सारोळ्यानंतर नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा सुरू होतो. तालुका एक असला तरी त्यातील पाऊस एकसारखा नाही. पश्चिमेस वरंधा घाटाच्या अंगाला आषाढात दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाही. तेथून पूर्वेस भोर सोडून किकवीच्या बाजूला येऊ लागले म्हणजे पाऊस उतरत जातो. वेळवंडी नदीवरील भाटघरचे मोठे धरण ह्याच तालुक्यात आहे, परंतु धरण जवळ असले म्हणजे प्रत्येक अंगणात पाणी येते असे नाही. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ हे बोल अशाच मुलुखाला लागू पडतात.

अलीकडे पुण्यातील अनेक कुटुंबांनी ह्या रस्त्याच्या आसपास जमिनीचे लहान तुकडे घेऊन त्यांवर घरे बांधली आहेत. ही मंडळी शनिवारी-रविवारी येतात आणि सोमवारी शहरात परततात. मधल्या पाच दिवसांत झाडाला पाणी घालावयास कोणी नसते. कुंपणाबाहेर गावची गुरे व शेळ्या चरत असतात आणि कोवळे रोप दिसले की त्याचा फडशा पाडतात. ज्या झाडाला पाणी लागत नाही आणि ज्याला शेळी तोंड लावीत नाही असे फुलझाड अशा घरमालकास हवे असते, आणि रोपवाटिकेत त्याच्या हाती बहुधा कण्हेरच ठेवली जाते. त्याने ती येताना रस्त्यातच पाहिलेली असते. महामार्गाच्या दुभाजकात, दोन्ही बाजूंनी मोटारींचा धूर आणि खाली तापलेले डांबर असताना, भर उन्हाळ्यात गुलाबी-पांढऱ्या फुलांनी डवरलेली झुडुपे दिसतात, त्यांतील बरीचशी कण्हेरीचीच असतात. समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांची तिरीप अडावी आणि निगा फारशी लागू नये, ह्या दोन्ही कारणांस्तव रस्ते बांधणाऱ्यांनी तिला पसंत केले आहे.

ही सहनशीलता कण्हेरीला कोठून आली, हे तिच्या मूळच्या वस्तीवरून समजते. भूमध्य समुद्राभोवतालच्या देशांपासून इराण व हिंदुस्थान ओलांडून चीनपर्यंत कण्हेर आढळते, आणि जेथे ती रानटी स्थितीत सापडते तेथे ती बहुतकरून ओढ्यांच्या व नद्यांच्या पात्रांत, वाळूत आणि गोट्यांत उगवलेली असते. दख्खनच्या ओढ्यांतही ती अशी दृष्टीस पडते. असा ओढा वर्षातून तीन-चार महिने दुथडी वाहतो आणि उरलेले आठ महिने कोरडा ठणठणीत असतो. त्या पुरात उपटून न जाणे आणि पुढे त्या कोरड्या वाळूखालची ओल शोधीत खोल जाणे, अशी दुहेरी शिकवण कण्हेरीच्या मुळांना मिळालेली आहे. लिनीअसने १७५३ साली तिला ‘नेरियम ओलिअँडर’ हे शास्त्रीय नाव दिले. त्यातील पहिल्या शब्दाचा संबंध पाण्याचा, ओलाव्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दाशी जोडला जातो. पाण्याविना जगणाऱ्या झाडाच्या नावात पाणी असावे हे प्रथम चमत्कारिक वाटते. परंतु ओढ्याच्या पात्राचा विचार केला म्हणजे त्यात विसंगती राहत नाही. कण्हेर ही वाळवंटातील झाडाप्रमाणे पाण्यावाचून राहत नाही. ती खोलवरचे पाणी गाठते आणि मिळालेले जपून खर्च करते.

हा जपून खर्च पानात होतो. कण्हेरीचे पान हाती घेऊन पाहावे. ते भाल्याच्या पात्यासारखे लांबट, जाड आणि चामड्यासारखे चिवट असते, आणि एकेका पेऱ्यावर बहुधा तीन-तीन पाने वर्तुळाकार लागलेली असतात. पानाच्या पृष्ठभागावर मेणासारखा जाड लेप असतो आणि त्याखालची त्वचा एकपदरी नसून अनेकपदरी असते. झाड ज्या सूक्ष्म छिद्रांनी श्वासोच्छ्वास करते आणि ज्यांतून वाफ बाहेर टाकते ती पर्णरंध्रे बहुतेक झाडांत पानाच्या पृष्ठभागावर उघडी असतात. कण्हेरीत ती पानाच्या पाठीवरील बारीक खळग्यांत दडलेली असून त्या खळग्यांच्या तोंडाशी केसांची दाटी असते. बाहेरच्या कोरड्या वाऱ्याचा झोत त्यामुळे रंध्रांच्या तोंडाला सरळ लागत नाही. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात कोरड्या हवेतील पानाची रचना दाखवावयाची असली म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली कण्हेरीच्याच पानाचा छेद ठेवण्याचा प्रघात आहे.

कण्हेरीचे गणगोत मोठे आहे. तगर, सदाफुली, चाफा, करवंद, सातवीण आणि रुई ही सारी तिच्याच कुळातील होत. ह्यांपैकी बहुतेकांचे पान तोडले असता चीक येतो, ही ह्या कुळाची खूण समजावी. कण्हेरीचे फूल पाच पाकळ्यांचे असून पाकळ्या भिंगरीच्या पात्यांप्रमाणे एका बाजूला किंचित वळलेल्या असतात आणि मध्यभागी झालरीसारखे तंतू असतात. पांढरी, गुलाबी आणि तांबडी कण्हेर सर्वांच्या परिचयाची आहे. दुहेरी पाकळ्यांचीही जात बागांतून लावतात. मौज अशी की इतक्या देखण्या व सुगंधी फुलात मध नसतो. कीटक आशेने येतात, परागवहनाचे काम करून जातात आणि मोबदला काहीच मिळत नाही. फुलामागून लांब, सडपातळ शेंगांची जोडी येते. ती उकलली की केसाळ शेंडीचे बी वाऱ्यावर उडते.

आपल्याकडे कण्हेरीचा परिचय फार जुना आहे. संस्कृतात तिला करवीर म्हणतात, आणि किकवीवरून जाणारा हा रस्ता ज्या कोल्हापूरकडे जातो त्या नगराचेही जुने नाव करवीर हेच होय. वाटेत साताऱ्याजवळ वेण्णा नदीवर कण्हेर नावाचे धरण आहे, आणि शिंदे घराण्याचे मूळ गाव कण्हेरखेडही सातारा जिल्ह्यातच आहे. भाद्रपदात गणपतीला ज्या एकवीस पत्री वाहतात त्यांत कण्हेरीचे पान असते. परंतु तिचे आणखी एक संस्कृत नाव आहे, ते म्हणजे अश्वमारक, घोड्याला मारणारी. आयुर्वेदाने तिची गणना उपविषांत केली आहे. देवघरात मान देणाऱ्या आणि विषांच्या यादीत बसविणाऱ्या पूर्वजांनी झाडाची दोन्ही अंगे ओळखली होती. आज पहिल्याची आठवण राहिली आहे आणि दुसऱ्याचा विसर पडत चालला आहे.

तिच्या चिवटपणाची जगाने घेतलेली मोठी साक्ष जपानातील हिरोशिमा शहराची होय. ६ ऑगस्ट १९४५ रोजी त्या शहरावर अणुबाँब पडल्यानंतर तेथे ७५ वर्षे काही उगवणार नाही अशी वदंता पसरली होती. त्या उद्ध्वस्त भूमीवर जी फुले लवकरच उमलली त्यांत कण्हेर होती. पुढे १९७३ साली हिरोशिमाने तिला आपल्या शहराचे फूल म्हणून मान दिला.

आता प्रत्यक्ष लागवडीकडे वळू. कण्हेर बियांपासून येते, परंतु बियांच्या रोपाला आईच्याच रंगाचे फूल येईल असा भरवसा नसतो आणि वेळही अधिक लागतो. म्हणून फाटे लावून अभिवृद्धी करणे सोयीचे. पेन्सिलीएवढ्या जाडीची, फार कोवळी नाही आणि फार जुनाट नाही अशी फांदी निवडून तिचे वीतभर लांबीचे, तीन-चार पेऱ्यांचे तुकडे करावे. खालच्या पेऱ्याच्या लगत छाट द्यावा, खालची पाने काढून टाकावी आणि वरची दोन-तीन ठेवून तीही निम्मी कापावी. हे तुकडे ओल्या वाळूत किंवा वाळूमिश्रित मातीत सावलीला लावले असता साधारणपणे महिन्याभरात मुळे धरतात. मृगाचा पाऊस पडून हवा ओलसर झाली म्हणजे ह्या कामास उत्तम काळ. बाटलीतल्या पाण्यात ठेवूनही मुळे फुटतात; परंतु ते पाणीही विषारी होते हे ध्यानात ठेवून बाटली स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या हाती लागेल अशा जागी ठेवू नये.

रोपाची जागा निवडताना पहिली अट उन्हाची. दिवसातून निदान सहा तास तरी स्वच्छ ऊन पाहिजे. सावलीत कण्हेर मरत नाही, पण काठीसारखी उंच वाढते, फुले थोडी येतात आणि किडीचा उपद्रव वाढतो. जमिनीविषयी ती चोखंदळ नाही. किकवीच्या आसपास माळावर मुरूम लागतो आणि खालच्या अंगाला काळी माती. दोन्हीत ती येते. काळ्या जमिनीत मात्र पावसाळ्यात पाणी साठून राहणार नाही असा उतार द्यावा. दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यात काढून तापू द्यावा, तिसरा हिस्सा कुजलेले शेणखत व बाकी तीच माती घालून भरावा, आणि पहिल्या दोन पावसांनंतर रोप लावावे. दोन झाडांत पाच-सहा फुटांचे अंतर ठेवावे. खताचा हव्यास धरू नये. खत फार झाले की पालाच वाढतो आणि फूल कमी होते. वर्षातून एकदा पावसाच्या आरंभी पाटीभर शेणखत पुरे होते.

पाण्याच्या बाबतीत एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. अवर्षण सोसणारे झाड म्हणजे लावल्या दिवसापासून पाणी न मागणारे झाड, असे नव्हे. ज्या खोल मुळांच्या बळावर कण्हेर उन्हाळा काढते ती मुळे पहिल्या वर्षी तयार व्हावयाची असतात. पावसाळा संपल्यानंतर पहिल्या वर्षभर आठवड्यातून एकदा, एका झाडाला दोन बादल्या पाणी सावकाश मुरेल असे द्यावे. शनिवारी-रविवारी येणाऱ्या मंडळींना हे सहज जमण्यासारखे आहे. रोज तांब्या-तांब्या शिंपडणे मात्र अपायकारक. त्याने वरची दोन बोटे माती तेवढी भिजते, मुळेही तेथेच घुटमळतात, आणि एक आठवडा पाणी चुकले की झाड माना टाकते. पाणी खोल गेले म्हणजेच मूळ खोल जाते. आळ्यात उसाचे पाचट किंवा वाळलेले गवत चार बोटे जाडीने अंथरले तर ओल पुष्कळ टिकते. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी एकदा पाणी पुरते. तिसऱ्या वर्षापासून साधारण पावसाच्या सालात झाड आपले आपण पाहते. फाल्गुन ते वैशाखात महिन्यातून एक-दोनदा पाणी दिले तर फुले भरघोस येतात, न दिले तर थोडी येतात, इतकाच फरक.

शहरातल्या गच्चीवर कुंडीत कण्हेर लावणाऱ्यांनी हा नियम जसाच्या तसा घेऊ नये. कुंडीत मूळ खोल जाऊच शकत नाही; तेव्हा झाडाचे निम्मे सामर्थ्य तेथे निरुपयोगी ठरते. कुंडी मोठी, निदान सव्वा फूट तोंडाची घ्यावी, तळाला भोक असावे, आणि उन्हाळ्यात वरची माती कोरडी होताच भरपूर पाणी द्यावे. पाने कडेने करपून खाली लोंबू लागली तर झाड तहानलेले आहे असे समजावे. पाने पिवळी पडून भराभर गळू लागली आणि माती ओली असली तर पाणी अधिक झाले आहे असे समजावे. आतल्या बाजूची जुनी पाने थोडीथोडी पिवळी पडून गळणे हे मात्र स्वाभाविक आहे.

कण्हेरीला फूल येते ते नव्या धुमाऱ्याच्या शेंड्याला. म्हणून छाटणी न केलेले झाड उंच वाढत जाते, खालून उघडे पडते आणि फुले डोक्यावरून दिसतात. उन्हाळ्याचा बहर ओसरल्यावर, रोहिणी संपून मृग लागण्याच्या सुमारास छाटणी करावी. पुढे येणाऱ्या पावसावर नवे धुमारे जोमाने फुटतात आणि छाटलेल्या फांद्यांतूनच फाटेही मिळतात. सगळे झाड एकदम बोडके करू नये. दरवर्षी सर्वांत जुन्या फांद्यांपैकी तिसरा हिस्सा बुंध्यापासून काढावा व बाकीचे शेंडे खुडावे. तीन वर्षांत झाड नवे होते. छाटताना हातमोजे घालावे, चीक डोळ्याला लागू देऊ नये, आणि काम झाल्यावर हात व कात्री साबणाने धुवावी.

कीड फार नाही. कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा दाटीने बसतो. पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस मारला की तो बहुतेक जातो, न गेल्यास साबणाचे पातळ पाणी फवारावे. खवले किडी व पिठ्या ढेकूण सावलीतल्या झाडावर येतात. तेवढ्या फांद्या काढून टाकणे बरे. एक जाडजूड हिरवी अळी, अंगावर निळे डोळे काढल्यासारखी, पाने खाताना दिसते. ती पुढे हिरव्या छटांचा मोठा सुंदर पतंग होते. काळपट तपकिरी, पंखांच्या कडांना पांढरे ठिपके असलेल्या एका फुलपाखराच्या अळ्याही ह्याच पानांवर वाढतात आणि त्यांचे कोष चांदीसारखे चकाकतात. ज्या पानाने बैल मरतो त्यावर हे जीव पोसतात, हे सृष्टीचे कौतुक मुलांना दुरून अवश्य दाखवावे. चार पाने गेल्याने झाडाचे काही बिघडत नाही.

हे झाले झाडाच्या निगेचे. आता शेजारच्या जीवांचा विचार करू, कारण कण्हेर लावणाऱ्यावर तीही जबाबदारी येते. ह्या झाडातील मुख्य विषाला ओलिअँड्रीन म्हणतात. हृदयाच्या पेशींत क्षारांची ने-आण करणारी जी यंत्रणा असते तिलाच ते बाधा आणते. त्यामुळे हृदयाची लय बिघडते, नाडी मंद व अनियमित होते आणि मात्रा अधिक असल्यास मृत्यू ओढवतो. कोरड्या प्रदेशात पाला दुर्मिळ, आणि हिरवे दिसेल ते खाणारी तोंडे पुष्कळ. अशा ठिकाणी झाडाला टिकावयाचे तर पाण्याच्या काटकसरीबरोबर अंगच्या संरक्षणाचीही सोय लागते. ज्या गुणामुळे शेळी ह्या कुंपणाला तोंड लावीत नाही, तो गुण म्हणजेच हे विष होय.

उभ्या, हिरव्या कण्हेरीला गुरे सहसा शिवत नाहीत, कारण ती अतिशय कडू असते. धोका उभ्या झाडापेक्षा तोडलेल्या फांदीचा अधिक आहे. छाटलेल्या फांद्या वाळू लागल्या की त्यांची चव तितकी तीव्र राहत नाही, पण विष मात्र तसेच राहते; आणि जेव्हा माळावर गवताची काडी नसते तेव्हा भुकेले जनावर चवीची चौकशी करीत नाही. पशुवैद्यांच्या ग्रंथांत वाळलेल्या पानांची प्राणघातक मात्रा जनावराच्या वजनाच्या वीस हजारांश इतकी सांगितलेली आढळते. चारशे किलो वजनाच्या बैलाला ह्या हिशेबाने अवघी वीस ग्रॅम, म्हणजे मूठभर, वाळलेली पाने पुरतात. वैरणीत किंवा कडब्यात नकळत मिसळली गेली तरीही तेवढाच घात होतो.

सुट्टीत आलेल्या घरमालकाने हौसेने छाटणी करावी, फांद्यांचा भारा कुंपणापलीकडे माळावर भिरकावून द्यावा आणि संध्याकाळी शहराकडे निघून जावे, ही गोष्ट दिसावयास किती साधी! त्याच्या लेखी तो कचरा असतो. परंतु त्या माळावर दुसऱ्या दिवशी गावातील कोणाची तरी दुभती गाय चरावयास येणार असते, आणि तिच्यावर एका घराची मीठ-भाकरी अवलंबून असते. गाय दगावली तर ती कशाने दगावली हेही त्या घराला कळणार नाही, आणि शहरात गेलेल्यालाही कळणार नाही. म्हणून कण्हेर लावणाराने एक नियम कसोशीने पाळावा. छाटलेली काडी न् काडी स्वतःच्या आवारातच ठेवावी; जनावरे पोहोचणार नाहीत अशा जागी खोल खड्डा करून त्यात ती टाकावी आणि वर माती ओढावी. ती जाळू नये, कारण तिचा धूरही अपायकारक आहे. गोठ्याजवळ, गुरांच्या पाण्याच्या हौदावर किंवा विहिरीच्या तोंडाशी हे झाड लावूच नये. ज्याच्या कुंपणाला लागून गुरांची रोजची वाट आहे त्याने तेवढ्या बाजूस कोरांटी किंवा बोगनवेल लावावी. त्यांनाही पाणी थोडे पुरते.

माणसांच्या बाबतीतही तीच दक्षता हवी. कण्हेरीच्या काडीचे दातवण करू नये, तिच्या काटकीवर काही भाजू नये, चुलीत ती घालू नये. पत्री गोळा करण्यास मुलांना पाठविताना कण्हेर, रुई व धोत्रा ही पाने तोंडात घालावयाची नाहीत असे बजावून सांगावे आणि पूजेनंतरचे निर्माल्य गुरांपुढे टाकू नये. केरळात त्रावणकोर व मलबार येथील देवस्वम मंडळांनी मे २०२४ मध्ये नैवेद्यात आणि प्रसादात कण्हेरीच्या फुलांचा वापर बंद केला, तो ह्याच विचाराने. फूल देवाला वाहावे, पण ज्यातून ते माणसाच्या पोटात जाईल तेथे ते असू नये, हा भेद आपल्याकडेही पाळण्यासारखा आहे. एखाद्या ऐकीव औषधासाठी कण्हेरीचे मूळ किंवा साल घरी उगाळणे तर कटाक्षाने टाळावे. शास्त्रशुद्ध शोधन आणि प्रमाण हे जाणत्या वैद्याचे काम आहे, घरगुती अनुमानाचे नव्हे.

पिवळ्या घंटेसारख्या फुलांची बिट्टी हिलाही काही ठिकाणी पिवळी कण्हेर म्हणतात. ती निराळी, मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील. परंतु कुळ तेच आणि विषाचा प्रकारही तोच. तिच्या टणक बियांनी मुले गोट्यांसारखी खेळतात, आणि तिच्या बियांतच विष सर्वांत तीव्र असते. श्रीलंकेत तिच्या विषबाधेचे रुग्ण फार मोठ्या संख्येने रुग्णालयांत येत असत. त्यांच्यावर प्रतिविषाचे उपचार करून त्यांचा गुण येतो असे सिद्ध करणारा अभ्यास २००० साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ह्यातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच की उपाय आहे, पण तो रुग्णालयात आहे. कोणी कण्हेर किंवा बिट्टी खाल्ल्याची शंका आली, उलट्या, पोटदुखी, चक्कर ही लक्षणे दिसली किंवा अजून काहीच दिसत नसले, तरी वाट पाहू नये. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याच्या खटपटीत वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, झाडाची डहाळी बरोबर घ्यावी आणि सरळ रुग्णालय गाठावे. जनावराच्या बाबतीत त्याच तातडीने पशुवैद्यास बोलवावे.

हे सर्व ऐकून कण्हेर उपटून टाकावी असे कोणास वाटेल, तर ते योग्य होणार नाही. पाण्याचा प्रत्येक हंडा मोजून खर्च करावा लागतो अशा गावी वर्षातील बराच काळ फुलणारे, धूळ व धूर सोसणारे, मुरमाच्या माळाला रंग देणारे दुसरे झुडूप सहज मिळत नाही. वीज, विस्तव व औषधे ही सगळी आपण घरात बाळगतोच. प्रत्येकाची जागा ठरवून देतो आणि मुलांना तिची ओळख करून देतो. कण्हेरीलाही तशीच जागा ठरवून द्यावी : भरपूर उन्हात, मुलांच्या खेळण्यापासून व गुरांच्या वाटेपासून दूर, आणि जिची छाटणी आवाराबाहेर कधीही जाणार नाही अशी. पहिल्या वर्षी आठवड्याला दोन बादल्या पाणी आणि पुढे कायमची ही खबरदारी, एवढ्यावर किकवीसारख्या गावी वैशाखातही अंगणात फूल राहील, आणि कुंपणापलीकडची गायही सुरक्षित घरी परतेल.